'रिव्हायटलाईझ'ला मराठीत काय म्हणायचं: पुनरुज्जीवन, संजीवनी, कायाकल्प की नुसती तरतरी?

ओलीशाई

इंग्रजी मजकुरात 'रिव्हायटलाईझ' आलं की मराठीत डोळे झाकून 'पुनरुज्जीवन करणे' लिहायची सवय पडली आहे. सध्या हातात असलेल्या मजकुरात हे क्रियापद सहा ठिकाणी आहे. सहाही ठिकाणी तोच शब्द ठेवला तर मजकूर वाचवत नाही. संदर्भ असे:

१. बरीच वर्षं बंद पडलेली वाचनालयांची चळवळ
२. गाळाने भरलेली, उन्हाळ्यात कोरडी पडणारी नदी
३. त्वचेला लावायचं क्रीम
४. दुपारच्या छोट्या झोपेनंतर माणसाला जे वाटतं ते
५. तोट्यात चाललेला कारखाना
६. बोलणारे कमी होत चाललेली भाषा

शंका तीन. पहिली शुद्धलेखनाची: पुनरुज्जीवन, पुनरूज्जीवन, पुनरुजीवन, पुनर्जीवन अशी चार रूपं छापलेली दिसतात, आणि विशेषणात 'पुनरुज्जीवित' व 'पुनरुज्जीवीत' दोन्ही. दुसरी: 'नवसंजीवनी'त 'नव' फालतू आहे का? तिसरी: कायाकल्प आणि कायापालट एकच का? प्रत्येक संदर्भाला नेमका शब्द कोणता आणि का, हे कुणी सांगितलं तर फार मदत होईल.

---

खिळेजुळारी

आधी शुद्धलेखन उरकून घेऊ.

शब्दाची फोड: पुनर् + उत् + जीवन. 'उत्'मधल्या त् पुढे ज आला की त्याचा ज् होतो, म्हणून उत् + जीवन = उज्जीवन. इथे एक ज् 'उत्'कडून आला आणि दुसरा 'जीवन'चा स्वतःचा, त्यामुळे जोड ज्ज हवाच. 'पुनरुजीवन'मध्ये उपसर्गाचं व्यंजनच गळून पडतं. 'उज्ज्वल'चं 'उज्वल' करताना होते ती हीच चूक. पुढे पुनर् + उज्जीवन. इथे र् ला 'उत्'चा ऱ्हस्व उ मिळतो, म्हणून रु ऱ्हस्व. पुनरुक्ती, पुनरुच्चार यांच्यातला रु जसा, तसाच हा. 'पुनरू' लिहायला कुठलाच आधार नाही.

'पुनर्जीवन' अशुद्ध नाही, पण तो वेगळा शब्द आहे: पुनर् + जीवन, म्हणजे पुन्हा मिळालेलं आयुष्य. 'पुनर्जीवित झाला' म्हटलं की मेलेलं माणूस उठून बसल्याचा अर्थ होतो. 'उज्जीवन'मधला 'उत्' वर उचलण्याचा आहे. जे खाली गेलं, मंदावलं, बंद पडलं, ते पुन्हा उभं करणं. संस्था, चळवळ, नदी यांना म्हणून पुनरुज्जीवनच शोभतं.

आता विशेषण. 'पुनरुज्जीवित' हेच बरोबर: जी दीर्घ, वि ऱ्हस्व. गोंधळ का होतो तेही पाहा. मराठी अकारान्त शब्दात शेवटून दुसरं अक्षर इकारान्त किंवा उकारान्त असेल तर ते दीर्घ लिहितात: टवटवीत, तरतरीत, गरीब, हुरूप. कानाला त्याची सवय असते, म्हणून हात 'जीवीत'कडे वळतो. पण संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मुळाप्रमाणेच लिहायचे असतात, आणि 'इत' प्रत्यय तिथे ऱ्हस्व आहे: संजीवित, पुनरुज्जीवित, विकसित. म्हणजे 'टवटवीत' दीर्घ आणि 'पुनरुज्जीवित' ऱ्हस्व, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या १८ नियमांत (१४ नियम १९६२चे, ४ नंतर १९७२ला जोडलेले) हा भेद स्पष्ट आहे.

सामान्यरूपातही फरक पडतो. हुरूप, पण हुरुपाने: मराठी शब्दातला दीर्घ रू प्रत्यय लागताच ऱ्हस्व होतो. 'पुनरुज्जीवनाने'मध्ये मात्र काहीही हलत नाही.

जाता जाता 'पुनर्'बद्दल. पुढे स्वर किंवा मृदू व्यंजन असेल तर र् राहतो: पुनर्वसन, पुनर्भरण, पुनर्जन्म. पुढे क, प, स यांसारखं कठोर व्यंजन असेल तर विसर्ग: पुनःप्रत्यय, पुनःस्थापना. 'पुनर्रचना' संस्कृत संधीत बसत नाही, तिथे 'पुनारचना' व्हायला हवं, पण मराठीत पुनर्रचना इतकं रुळलं आहे की ते बदलू नका.

---

बोलघेवडा

शुद्धलेखन झालं, आता निवडीकडे. शब्द ठरवण्याआधी एकच प्रश्न विचारावा: ती गोष्ट आधी कोणत्या अवस्थेत होती? मेली होती, बंद पडली होती, झिजली होती की नुसती दमली होती? इंग्रजी क्रियापद या चारही अवस्थांवर चालतं. मराठीत प्रत्येकीची शब्दांची पेटी वेगळी आहे.

तुमचा चौथा संदर्भ घ्या. झोपेनंतर माणसाचं 'पुनरुज्जीवन' होत नाही, तो काही बंद पडलेला नव्हता. त्याला तरतरी येते. अंगातला जडपणा जाऊन डोकं चालू लागतं, तीच तरतरी. टवटवी तिची शेजारीण, पण ती बाहेरून दिसते: फुलाची, पानाची, चेहऱ्याची. पाणी घातल्यावर रोप टवटवीत दिसतं, तरतरीत दिसत नाही. 'तरतरीत' माणूस म्हणजे चपळ, जागरूक, आणि 'तरतरीत नाक' म्हणजे सरळ, धारदार नाक, त्याचा ताजेपणाशी संबंध नाही. तजेला हा कांतीचा, रंगाचा. हुशारी वाटणे हा जुना आणि फार नेमका प्रयोग आहे: तापातून उठलेल्या माणसाने पेज घेतली आणि त्याला जरा हुशारी वाटली. मात्र 'हुशारी' शब्द आज आधी बुद्धीकडे जातो, म्हणून तो आजारपण, थकवा यांच्या संदर्भातच वापरा. जाहिरातीत 'हुशारी देणारे पेय' लिहिलं तर वाचक पेय पिऊन परीक्षेला बसेल.

मनाचं असेल तर उभारी आणि हुरूप. उभारी खचलेल्याला येते, हुरूप काम सुरू करणाऱ्याला येतो. पराभवानंतर संघाला उभारी मिळाली, पहिला सामना जिंकल्यावर हुरूप आला. ही दोन वाक्यं उलटी करून पाहा, लगेच खटकतील. पिकाला, झाडाला जोम: पीक जोम धरतं, पावसाने तरारतं, झाड पालवतं. या शेतातल्या क्रियापदांमध्ये 'पुन्हा जीव येणे' आधीच आहे, त्यांना 'पुनर्' जोडायची गरजच नाही.

आता वाक्यरचना, कारण अनुवाद बहुतेक वेळा तिथेच अडतो. इंग्रजीत वस्तू कर्ता असते आणि माणूस कर्म. मराठीत हे अनुभव माणसाला येतात. 'ही झोप तुम्हाला ताजेतवाने करते' हे वाक्य व्याकरणाने चालेल, पण बोलताना कुणी असं म्हणत नाही. 'थोडं पडलं की तरतरी येते' असं म्हणतात. वस्तू बाजूला ठेवा, माणसाला 'ला' लावा, क्रियापद 'येणे' किंवा 'वाटणे'. तुमचं चौथं वाक्य मी असं लिहीन: *दुपारी वीस मिनिटं डोळा लागला तरी संध्याकाळपर्यंत तरतरी राहते.*

'ताजेतवाने'ला वाईट म्हणत नाही. फारसीतून आलेल्या 'ताजा' आणि 'तवाना' म्हणजे सशक्त, या जोडीचा तो शब्द आहे, त्यामुळे त्यात ताजेपणा आणि ताकद दोन्ही आहेत. पण जाहिरातींनी त्याला इतकं राबवलं आहे की तो आता साबणाच्या वेष्टनावरचा वाटतो. मजकुरात एकदाच आला तर बरा.

---

ओलीशाई

'कोणत्या अवस्थेत होती' ही कसोटी पटली. मग चळवळीला पुनरुज्जीवन, कारण ती बंद होती. पण कारखाना तोट्यात आहे, चालू आहे. नदी उन्हाळ्यात कोरडी, पावसाळ्यात वाहते. तिथे काय?

---

कलमनवीस

कारखाना, नदी, भाषा या तिन्ही ठिकाणी शब्दाला त्या-त्या क्षेत्राचा ठरलेला अर्थ आहे, तो पाहूनच निवडा.

कायद्यात 'पुनरुज्जीवन' अगदी कोरडा शब्द आहे, त्यात चैतन्य वगैरे काही नसतं. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ पाहा. एका कायद्याचं निरसन दुसऱ्या कायद्याने झालं, म्हणजे तो रद्द झाला, आणि पुढे त्या दुसऱ्याचंही निरसन झालं, तरी पहिला आपोआप पुनरुज्जीवित होत नाही. तो परत आणायचा असेल तर तसा हेतू स्पष्ट शब्दांत लिहावा लागतो (कलम ७). इथे 'नवसंजीवनी' लिहिलं तर अर्थच बिघडेल, कारण प्रश्न फक्त अंमलात आहे की नाही एवढाच आहे.

विम्यातही तसंच. हप्ते थकून बंद पडलेली पॉलिसी थकबाकी व्याजासह भरून, आणि कंपनीने मागितला तर तब्येतीचा पुरावा देऊन पुन्हा चालू करतात, ते पुनरुज्जीवन. चालू पॉलिसीची मुदत संपताना पुढच्या काळासाठी ती वाढवतात, ते नूतनीकरण. अनुवादात या दोहोंची अदलाबदल सर्रास होते आणि वाचणाऱ्याला वाटतं की आपली बंद पॉलिसी नुसता पुढचा हप्ता भरून चालू होईल.

कारखान्याबाबत: १९८५च्या आजारी औद्योगिक कंपन्यांच्या कायद्यात (तो २०१६पासून लागू नाही) 'आजारी' ठरायला निकष होता: नोंदणी होऊन किमान पाच वर्षं झालेली असावीत आणि साचलेला तोटा कंपनीच्या निव्वळ मालमत्तेइतका किंवा त्याहून जास्त असावा. तेव्हापासून मराठी वार्तापत्रांत 'आजारी उद्योगाचे पुनरुज्जीवन' ही जोडी बसून गेली. तुमचा कारखाना इतका बुडालेला नसेल, नुसता तोट्यात असेल, तर पुनरुज्जीवन म्हणू नका. *कारखाना तोट्यातून बाहेर काढणे*, *सावरणे*, *पुन्हा उभारी देणे* हे खरं वर्णन. आणि फक्त कर्जाचे हप्ते नव्याने बांधून दिले असतील तर ती कर्जाची पुनर्रचना. तिने कारखाना सावरेलच असं नाही.

नदी. भूगोलात 'नदीचे पुनरुज्जीवन' म्हणजे स्वच्छता नव्हे. समुद्राची पातळी खाली गेली किंवा जमीन वर उचलली गेली की नदीचा उतार वाढतो, आणि म्हातारपणी संथ झालेली नदी पुन्हा तळ खोदू लागते. खोल रुतलेली नागमोडी वळणं, काठावर पायऱ्यांसारखे सपाट टप्पे, पात्रात अचानक आलेला धबधबा ही त्याची चिन्हं. तुमचा वाचक भूगोलाचा असेल तर एका ओळीत अर्थ वेगळा करून सांगा.

पर्यावरणाच्या अर्थाने वापरायचं तर शब्दाला प्रामाणिक राहा. नुसता गाळ काढला तर ते खोलीकरण आहे. भिंती आणि फिरायचे रस्ते बांधले तर काठाचे सुशोभीकरण. पाणलोटात पाणी मुरवून, झरे मोकळे करून, सांडपाणी थांबवून पावसाळ्यानंतरही प्रवाह टिकला, तर पुनरुज्जीवन. जमिनीखालच्या पाण्यापुरतं बोलत असाल तर पुनर्भरण.

भाषेत तर अभ्यासकच दोन गोष्टी वेगळ्या धरतात. हिब्रू शतकानुशतकं ग्रंथांत आणि प्रार्थनेत होती, घरात कुणाची रोजची बोली नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ती पुन्हा घरात, शाळेत, बाजारात बोलली जाऊ लागली. ते पुनरुज्जीवन. न्यूझीलंडमधली माओरी मेलेली नव्हती, पण नवी पिढी ती शिकत नव्हती. १९८२पासून तिथे 'कोहांगा रेओ', म्हणजे भाषेची घरटी, अशा बालवाड्या सुरू झाल्या आणि लहान मुलं वडीलधाऱ्यांकडून ती ऐकत वाढू लागली. इंग्रजीत 'रिव्हायटलाईझ' याच दुसऱ्या प्रकाराला म्हणतात. तुमचं सहावं वाक्य याच जातीचं आहे, म्हणून 'भाषेचे पुनरुज्जीवन' लिहिलं तर ती मेली होती असं सुचवलं जाईल, आणि ती भाषा बोलणाऱ्यांना ते लागेल. *भाषेला पुन्हा बळ देणे*, *भाषा पुढच्या पिढीच्या तोंडी रुजवणे* असं लिहा.

---

रानवेल

फळबागेत हा शब्द कसा वापरतात तेही सांगतो, कारण तिथे त्याची हद्द फार स्पष्ट आहे. जुन्या, दाटलेल्या, उत्पन्न घटलेल्या झाडांच्या मधल्या सरळ वाढलेल्या जाड फांद्या काढून आत ऊन शिरू देतात, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीरोधक लेप) लावतात, नवी फूट विरळ करतात, खत-पाणी पुन्हा बसवतात. सुरुवातीची एक-दोन वर्षं फळ कमी येतं, मग झाड सुधारतं. याला बागेचं पुनरुज्जीवन म्हणतात. झाडं मुळासकट काढून नवी कलमं लावली तर ती पुनर्लागवड, मग बाग कितीही हिरवी दिसो.

हीच कसोटी इतरत्रही लावता येते. मूळ वस्तू तीच राहिली असेल तर पुनरुज्जीवन. मूळ जाऊन त्या जागी दुसरं आलं असेल तर तो शब्द लावू नका. जुनी इमारत पाडून नवी बांधली ती पुनर्बांधणी किंवा पुनर्विकास. जुनीच राखून डागडुजी केली तो जीर्णोद्धार, त्यात द्ध जोड हवा, 'जीर्णोध्दार' नको.

---

पानवैद्य

क्रीम आणि कायाकल्प माझ्याकडे.

आयुर्वेदाची आठ अंगं आहेत, त्यांपैकी एक म्हातारपण लांबवण्याचं, त्याला रसायन म्हणतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा पहिलाच अध्याय रसायनाचा आहे. रसायन घेण्याच्या दोन पद्धती त्यात सांगितल्या आहेत. कुटीप्रावेशिक: खास बांधलेल्या कुटीत राहून, आधी शोधन म्हणजे शरीरशुद्धी करून, कडक पथ्याने. वातातपिक: रोजचे व्यवहार चालू ठेवून, वारा-ऊन अंगावर घेत. पहिल्या पद्धतीलाच लोक कायाकल्प म्हणतात. 'कल्प' म्हणजे ठरावीक विधीने, ठरावीक काळ घ्यायचा उपचारक्रम. थोडक्यात, कायाकल्पात शरीर तेच, त्याची झीज भरून काढलेली, आणि त्यासाठी वेळ व शिस्त लागलेली.

कायापालट वेगळा. पालट म्हणजे बदल. पहिलं रूप ओळखू येणार नाही इतका बदल झाला की कायापालट, तो एका रात्रीतही होऊ शकतो. झीज भरून येणं त्यात अपेक्षित नाही. 'रस्ते झाले आणि गावाचा कायापालट झाला' बरोबर. 'दीर्घ उपचारांनी प्रकृतीचा कायाकल्प झाला' बरोबर. दोन्ही शब्द पुल्लिंगी, 'गावाची कायापालट' लिहू नका. कात टाकणे कायापालटाच्या जवळचं, पण त्यात बदल आतून होतो, बाहेरून कुणी करत नाही. म्हणून 'पालिकेने शहराची कात टाकली' चुकीचं. शहरच कात टाकतं.

आता क्रीम. १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमात सौंदर्यप्रसाधन म्हणजे स्वच्छ करणारं, सुंदर दिसायला मदत करणारं, रूपात बदल करणारं, आणि औषध म्हणजे रोगाचं निदान, उपचार, प्रतिबंध यांसाठी. 'मृत पेशींना पुनरुज्जीवित करते' असा मजकूर लिहिलात तर तो आधी शास्त्राने खोटा आहे (त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातल्या पेशी मृतच असतात आणि गळून पडतात), आणि शिवाय उपचाराचा दावा करणारा. *कोरड्या, निस्तेज त्वचेला तजेला येतो* किंवा *त्वचा तजेलदार दिसते* इथेच थांबा. 'दिसते' आणि 'होते' यांतला फरक वेष्टनावर फार महत्त्वाचा आहे.

---

बोलघेवडा

'नवसंजीवनी' राहिली. माझ्या मते 'नव' काढावं. संजीवनी स्वतःच जीव परत आणणारी आहे. शुक्राचार्यांची विद्या आणि लक्ष्मणासाठी आणलेली वनस्पती, दोन्हींचं नाव नुसतं 'संजीवनी'. जुनी अपुरी पडली म्हणून नवी आणली असं कुठे आहे?

---

खिळेजुळारी

मी सहमत नाही. 'नवचैतन्य', 'नवजीवन' जसे रुळले तसाच हा. तिथे 'नव' संजीवनीचं वर्णन करत नाही, नव्याने सुरू झालेल्या काळाकडे बोट दाखवतो. अशुद्ध म्हणून खोडायचं कारण नाही. अतिवापर झाला म्हणून टाळायचं असेल तर ती शैलीची गोष्ट.

त्याहून मोठी चूक वाक्यरचनेची. संजीवनी देणारा लागतो, आणि ती ज्याला मिळते त्याला 'ला' लागतो: *अनुदानाने वाचनालयांना संजीवनी मिळाली*. पुनरुज्जीवनाला 'चे' लागतो: *वाचनालयांचे पुनरुज्जीवन झाले*. 'वाचनालयांना पुनरुज्जीवन मिळाले' ही या दोन रचनांची खिचडी आहे आणि ती रोज छापून येते. विशेषण वापरलं तर 'चे' जातो: *चळवळ पुनरुज्जीवित केली*. शिवाय संजीवनी बाहेरून येते. चळवळ जुन्याच कार्यकर्त्यांनी स्वतः पुन्हा उभी केली असेल तर संजीवनी हा शब्दच बसत नाही. आणि मरता मरता वाचलं, एवढंच सांगायचं असेल तर जीवदान: अवेळी का होईना पाऊस आला, पिकांना जीवदान मिळालं. पुढे पीक जोमाने वाढलं तर संजीवनी म्हणा.

---

ओलीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. आता वाक्यं अशी झाली आहेत, चुकत असेल तर सांगा:

१. दहा वर्षं बंद पडलेल्या वाचनालय चळवळीचे पुनरुज्जीवन स्थानिक वाचकांनीच केले.
२. झरे मोकळे केल्याने आणि पाणलोटात पाणी मुरवल्याने नदी उन्हाळ्यातही वाहती झाली.
३. त्वचा मऊ राहते आणि तजेलदार दिसते.
४. दुपारी वीस मिनिटं डोळा लागला तरी संध्याकाळपर्यंत तरतरी राहते.
५. नव्या व्यवस्थापनाने कारखाना तोट्यातून बाहेर काढला.
६. ही भाषा पुन्हा मुलांच्या तोंडी रुजवण्याचे प्रयत्न सुरू आहेत.

---

कलमनवीस

सहाही चालतील. दुसऱ्यात 'पुनरुज्जीवन' शब्द गाळलात ते उत्तमच, नदीचं काय झालं ते थेट कळतं. पण मूळ मजकुरात तो प्रकल्पाच्या नावात असेल, तर नावात तसाच ठेवा आणि वर्णनात हे वाक्य द्या.

छापण्यापूर्वी संपूर्ण मजकुरात दोन गोष्टी शोधून पाहा. एक, 'पुनरुज्जीवनीकरण'. हा शब्द अहवालांत घुसला आहे, 'जीवन'मध्ये क्रिया आलेलीच आहे, 'करण' जोडायचं नाही. दोन, 'पुन्हा पुनरुज्जीवन'. तो फक्त तेव्हाच बरोबर, जेव्हा एकदा पुनरुज्जीवन होऊन ती गोष्ट परत बंद पडली होती. वाचनालयांच्या चळवळीत तसं झालं असेल तर 'दुसऱ्यांदा' लिहा, म्हणजे शंका राहणार नाही.